मदत हवी आहे: रात्री साडेदहानंतर एकटीने पळते. चालू ठेवायचं आहे, कसं ठेवू?

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची, वय 36. एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ड्युटी दुपारी 2 ते रात्री 10. सव्वादहाला घरी पोचते आणि साडेदहाला बूट घालून परत बाहेर पडते. एकटी. आठवड्यातून चार रात्री, गेले अडीच महिने. सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायची आहे, नाव नोंदवून पैसे भरलेत.

"सकाळी का पळत नाहीस" असं बरेच जण विचारतील, म्हणून आधीच सांगते. सकाळी 7 ते 10 मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते, मुलाची फी त्यातून निघते. त्याआधी पाणी भरायचं, डबे करायचे. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना आंघोळीला हात द्यावा लागतो. दहानंतर स्वयंपाक, मुलगा शाळेतून आला की त्याचं जेवण, तोवर ड्युटीला निघायची वेळ होते. दिवसाकाठी माझा म्हणावा असा एक तास उरतो आणि तो रात्रीच असतो.

कॉलेजात मी 1500 मीटर पळायचे. लग्नानंतर तेरा वर्षं बूट घातले नाहीत. आमच्या जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची फायनल पळाली. 15 ऑगस्टची संध्याकाळ होती, माझा मुलगा सहा महिन्यांचा. त्याला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसले होते. ती दहावी आली आणि मी इतकी रडले की सासूबाई विचारायला आल्या, काय झालं म्हणून. त्यानंतरही पळायला लागायला इतकी वर्षं गेली, पण ती संध्याकाळ डोक्यातून गेली नाही.

मी सदरबझारमधल्या आतल्या रस्त्यांवर पळते. रस्ते रुंद आहेत, कडेला जुनी झाडं, बंगल्यांची कंपाउंडं. एक फेरी साधारण 1.6 किलोमीटरची होते, तशा चार, कधी पाच. पाऊस पडून गेलेला असला की डांबर चकाकतं, कुठूनतरी रातराणीचा वास येतो, दिवसभराचे आवाज कानातून उतरतात. तिसऱ्या फेरीला श्वास लागतो तसा लागला की मला माझं कॉलेजातलं शरीर परत भेटल्यासारखं वाटतं. हे सविस्तर लिहितेय कारण "सोडून द्या" हे उत्तर देण्याआधी मी काय सोडायचं आहे ते कळावं.

आता अडचण. रात्री मागून गाडी आली की हेडलाइटमुळे माझी सावली पुढे पडते. गाडी जवळ आली की ती सावली बाजूला सरकते आणि गाडी निघून जाते. अडीच महिन्यांत याची इतकी सवय झाली की मी मागे वळूनही बघत नाही. मागच्या मंगळवारी सावली पडली आणि सरकलीच नाही. माझ्याबरोबर पुढे पुढे पळत राहिली. म्हणजे गाडी माझ्या वेगाने मागे येत होती. वळून बघितलं तर मोटरसायकलवर दोघं. ते पुढे गेले, कोपऱ्यावरून वळून परत आले, परत मागे लागले. कोणी काही बोललं नाही. एक मेडिकलवाले काका शटर ओढत होते, मी सरळ त्यांच्या पायरीवर जाऊन उभी राहिले आणि उगाच क्रोसिनची पट्टी मागितली. ते दोघं निघून गेले. काकांनी काही न विचारता मला पाणी दिलं. घरी आले तेव्हा पट्टी मुठीत चुरगळली होती.

दुसरी अडचण कुत्र्यांची. कचऱ्याच्या ढिगापाशी पाच-सहा जणांची टोळी आहे. तीन कुत्री भुंकून गप्प बसतात, पण एक तपकिरी कुत्री पोटरीपर्यंत येते. अजून चावलेली नाही.

तिसरी झोपेची. पळून आल्यावर दीड-दोनपर्यंत डोळा लागत नाही आणि साडेपाचला उठायचं असतं.

घरच्यांचं म्हणाल तर विरोध नाही. नवऱ्याची एमआयडीसीत पहिली पाळी असते, त्यांना पहाटे उठायचं असतं, तरी मी येईपर्यंत गॅलरीत उभे असतात. सासूबाई अवाक्षर काढत नाहीत. पण मंगळवारी दार उघडलं तर त्या दारामागच्या स्टुलावर बसल्या होत्या, ऑपरेशनचा पाय लांब करून, मांडीवर चार्जिंगची बॅटरी. मी मोटरसायकलचं घरात अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या उद्यापासून झोपायच्या नाहीत. न सांगणं हेही मला बरोबर वाटत नाहीये.

तुमच्यापैकी कोणी, खास करून बायकांनी, रात्री एकट्याने पळायचं कसं जमवलं आहे? मार्ग, दिवे, कुत्री, झोप, घर, जे अनुभवातून सांगता येईल ते सांगा. आणि चढाच्या सरावासाठी रात्री यवतेश्वर घाटात जावं का, हेही.

पायवाट:
ताई, आधी मोटरसायकलचं. मी ठाण्यात सेकंड शिफ्ट करून आठ वर्षं रात्री पळतोय, पण मी पुरुष आहे, त्यामुळे तुमची भीती मला पूर्ण कळते असं म्हणणार नाही. बाजू बदला. आपल्याकडे वाहनं डावीकडून जातात, तुम्ही रस्त्याच्या उजव्या कडेने पळा, म्हणजे जवळच्या बाजूची गाडी समोरून येईल आणि आधीच दिसेल. मागे कोणी रेंगाळतंय असं वाटलं की पळत पुढे जाऊ नका, उलट फिरा. त्यांना पुन्हा गाडी वळवावी लागते आणि तेवढ्यात तुम्ही उजेडात पोचता. तुम्ही दुकानाच्या पायरीवर गेलात ते अगदी बरोबर केलंत.

रोज तीच वेळ आणि तीच दिशा ठेवू नका. कधी उलटी फेरी मारा, कधी दहा मिनिटं उशिरा निघा. इअरफोन नकोच, लागला तर एकाच कानात. चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट सायकलच्या दुकानात मिळतं. पाठीला लाल लुकलुकता दिवा लावा. लाइव्ह लोकेशन मिस्टरांना रोज पाठवा, गॅलरीत उभं राहण्यापेक्षा त्यात त्यांना जास्त कळेल. 112 हा एकच नंबर पोलीस, ॲम्ब्युलन्स सगळ्याला चालतो. फोनमध्ये आपत्कालीन कॉलची बटणं कशी दाबायची ते सेटिंगमध्ये बघून एकदा हाताला सवय करून ठेवा. अंधारात स्क्रीन उघडत बसायला वेळ मिळत नाही.

भाकरतुकडा:
आमच्या कॉलनीतल्या चौदा कुत्र्यांना मी रोज रात्री जेवण घालते, म्हणून फक्त कुत्र्यांवर लिहिते. पळणारं काहीही दिसलं की कुत्रं मागे लागतं, तो त्याचा स्वभाव आहे. ढिगाच्या वीस-पंचवीस पावलं आधी पळणं थांबवा आणि चाला. हात खाली, नजर त्यांच्या डोळ्यांत नको, पाठ फिरवून पळायचं तर मुळीच नाही. ती पार झाली की पुन्हा पळा. एवढ्याने तुमची वेळ बिघडेल, बिघडू द्या. ती तपकिरी बहुतेक पिलांची आई असेल, महिनाभर तो कोपरा टाळता आला तर टाळा. तिथे त्यांना कोण खायला घालतं ते शोधा. त्या माणसाबरोबर दोन-तीन संध्याकाळी नुसत्या जाऊन उभ्या राहा, वास ओळखीचा झाला की टोळी शांत होते.

तुम्ही लॅबमध्ये आहात, तुम्हाला माहीत असणार, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते. दात लागला, नुसतं खरचटलं तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची. स्नायूत घेतली तर पुढचे डोस 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. दोन डोस झाले की बरं वाटतंय म्हणून लोक सोडून देतात, तसं करू नका.

अजिंक्यतारा_दक्षिण दरवाजा:
मी साताऱ्याचाच, वय 64. पोरी, घाटात रात्री एकटीने जायचं नाही. सदरबझारात माणूस हाकेला येतो, घाटात हाक पोचत नाही. या दिवसांत रस्त्यावर घोणस आणि मण्यार असते. मण्यार तर रात्रीच फिरते. बिबट्याचाही तो वावर आहे. शिवाय धुकं आलं की गाडीवाल्याला तू दिसणार नाहीस, तुझ्या अंगावर कितीही पट्ट्या असल्या तरी. चढाचा सराव उजेडात आणि सोबतीने कर.

आणि घरात सांगून टाक. माझी मुलगी पुण्यात असताना असंच काही झालं होतं, तिने आम्हाला दोन वर्षांनी सांगितलं. भीतीपेक्षा ती दोन वर्षं मला जास्त लागली.

कृष्णाकाठ:
मी वेगळं सांगणार आहे, राग मानू नका. नाशिकला असताना मी दोन वर्षं रात्री पळाले. एक जण रोज त्याच वेळी त्याच वळणावर उभा राहायला लागला. तक्रार केली, त्याला समज दिली गेली, तो दिसेनासा झाला. पण त्या वळणावर माझं पाऊल पुढे पडेना. आता मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पळते. एक फेरी 180 मीटरची, अशा 40. कंटाळा येतो, पण घरचे झोपतात आणि मीही. ज्या रात्री मनात खुट्ट झालं त्या रात्री घरी परत फिरायचं, कारण शोधत बसायचं नाही, एवढं तरी ठेवा.

झोपेसाठी: जोरात पळायचे दिवस रात्री ठेवूच नका. रात्री बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. जोरात पळलं की अंग तापतं, ते उतरेपर्यंत झोप येत नाही. आल्यावर कोमट पाण्याने आंघोळ करा. जेवण ड्युटीवरच साडेसातला उरका आणि पळून आल्यावर केळं नाहीतर दूध-पोहे, तेवढंच.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. भाकरतुकडा, तुमचं खरं निघालं, ढिगामागे पाइपात चार पिलं आहेत. तो कोपरा सोडला, फेरी दीड किलोमीटरची झाली. जाकीट घेतलं. कृष्णाकाठ, राग कशाला? तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं. 'खुट्ट' झालं की परत फिरायचं, हे ठरवलं. कोमट पाण्याची आंघोळ आणि हळू वेग, काल सव्वाबाराला झोप लागली.

काका, घरात सांगितलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, रविवारी पाणी, डबा आणि आईचं मी बघतो, तू पहाटे जा. सासूबाईंनी एवढंच विचारलं की तो मेडिकलवाला रोज किती वाजता बंद करतो. मी दुसऱ्या दिवशी काकांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, साडेअकराला शटर ओढतो, तोवर दर फेरीला दुकानासमोरून जात जा. आता मी दर फेरीला हात वर करते, ते काउंटरवरून मान हलवतात. शेवटची फेरी साडेअकराच्या आत संपवते.

म्हणून आता एकच विचारायचं राहिलंय. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला समर्थ मंदिरापासून यवतेश्वर घाट चढायला साताऱ्यातलं कोणी येईल का? चढाला माझा वेग किलोमीटरला साडेआठ मिनिटं आहे. तेवढा चालणार असेल त्यांनी इथेच लिहा.