मदत हवी आहे: एकाच फ्रेमवर जस्ताचा थर कुठे चकचकीत, कुठे काळपट, कडांचे पापुद्रे सुटत आहेत

वेल्डर७
नमस्कार. तातडीने मदत हवी आहे. आम्ही तयार केलेल्या फ्रेमवर बाहेरून जस्ताचा थर चढवून आणला. परत आलेल्या मालात एकाच फ्रेमचे काही भाग चकचकीत, तर काही काळपट राखाडी आहेत. काळपट भागांवर थराची जाडी २०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) वर भरते आणि उचल-ठेव करताना कडांचे पापुद्रे सुटतात. ग्राहकाने माल नाकारला आहे, आणि थर चढवणारे म्हणतात की दोष तुमच्या लोखंडाचा आहे. सगळा माल एकाच वेळी, एकाच ठिकाणी दिला होता, त्यामुळे ही सबब मला पटत नाही. सगळा थर उतरवून पुन्हा चढवून घेतला तर प्रश्न सुटेल का, एवढेच सांगावे.

झिंकगन
पापुद्रे सुटतात याचा अर्थ पृष्ठभागाची तयारी कच्ची राहिली आहे. गनने फवारलेले वितळलेल्या जस्ताचे कण पोलादाशी एकजीव होत नाहीत, ते खडबडीत पृष्ठभागात रुतून बसतात. म्हणून ब्लास्टिंगची (हवेच्या जोराने कण मारून पृष्ठभाग साफ करण्याची) ग्रिट, म्हणजे ते कण, टोकदार हवी, ब्लास्टिंग एसए २½ या स्वच्छतेच्या दर्जाचे हवे आणि त्यानंतर पृष्ठभागावर ओल धरण्याआधी फवारणी उरकली पाहिजे. पुन्हा करून घेणार असाल तर शुद्ध जस्ताऐवजी ८५ टक्के जस्त आणि १५ टक्के ॲल्युमिनियमची तार वापरायला सांगा.

जुना_फोरमन
झिंकगन यांचे म्हणणे फवारणीपुरते बरोबर आहे, परंतु हा माल फवारलेला आहे की टाकीत बुडवलेला, हे धागाकर्त्याने लिहिलेलेच नाही. दोन्ही पद्धतींत पापुद्रे सुटण्याची कारणे अगदी वेगळी असतात. वेल्डर७, कृपया आधी ते सांगा.

वेल्डर७
बुडवूनच केले आहे, हॉट डिप, म्हणजे वितळलेल्या जस्ताच्या टाकीत. पुन्हा करून घेऊ की नको?

जुना_फोरमन
एवढ्यावरून उत्तर देता येणार नाही. काळपट भाग कोणत्या जाडीचे आहेत, चकचकीत भाग कोणत्या जाडीचे आहेत, दोन्हींच्या मिल सर्टिफिकेटवर (पोलाद कारखान्याच्या प्रमाणपत्रावर) सिलिकॉन आणि फॉस्फरस किती आहे, आणि माल टाकीत किती वेळ होता, हे कळले पाहिजे. शिवाय एक सुटलेला पापुद्रा हातात घेऊन तो जिथून सुटला ती जागा नीट पाहा. तिथे राखाडी, खरखरीत थर शिल्लक असेल आणि जाडी मोजणारी मापी तिथेही काही मायक्रॉन दाखवत असेल, तर थर मधूनच फुटला आहे, म्हणजे तो जाड आणि ठिसूळ झाला आहे. जागा उघडी, काळी लोखंडी दिसली, तर बुडवण्याआधीच्या पिकलिंगमध्ये (आम्लाने साफ करण्यात) किंवा फ्लक्समध्ये (जस्त नीट धरावे म्हणून दिलेल्या क्षारांच्या लेपात) कसूर झाली आहे, आणि मग जबाबदारी थर चढवणाऱ्याची.

गोदामपाल
माल पावसात किंवा ओलसर जागी एकावर एक रचून ठेवला होता का? नव्या जस्तावर ओल साचली आणि हवा खेळती राहिली नाही, तर पांढरा गंज धरतो. रचलेल्या मालाच्या मधे लाकडी पट्ट्या घालाव्यात आणि माल थोडा उतरता ठेवावा, म्हणजे पाणी वाहून जाते.

जुना_फोरमन
पांढरा गंज पावडरीसारखा वर बसतो आणि त्याने जाडी २०० मायक्रॉनवर जात नाही. इथे तो प्रश्न दिसत नाही.

टाकीकाठ
मी वर्षानुवर्षे टाकीवर काम करतो. हा दोष सरळसरळ तापमानाचा आहे. जस्त साधारण ४२० अंशांना वितळते आणि टाकी ४५० च्या आसपास चालवतात. ती ४४० वर आणून ठेवली की थर पातळ येतो. त्यांना तापमान कमी करायला सांगा, बाकी चर्चेची गरज नाही.

दर्जातपासनीस
टाकीकाठ, तापमान हे एकमेव कारण असते, तर एकाच टाकीतून एकाच वेळी निघालेल्या फ्रेमचा एक भाग चकचकीत आणि दुसरा काळपट आला नसता. ४४० ला जस्त घट्ट होते, नीट निथळत नाही, आणि कडांना ओघळ गोठून राहतात. ती वेगळीच तक्रार होते. दुसऱ्या टोकाला, ५३० ते ५५० अंशांच्या पट्ट्यात सिलिकॉनचा त्रास बराच कमी होतो हे खरे आहे, परंतु पोलादी टाकीला ते झेपत नाही. सुमारे ४८० अंशांच्या पुढे जस्त टाकीच्या भिंतीच खाऊ लागते, म्हणून तशा कामासाठी सिरॅमिक टाकी लागते.

वेल्डर७
प्लेट ८ मिमी, अँगल (एल आकाराच्या पट्ट्या) ६ मिमी. काळपट आहेत त्या सगळ्या प्लेट आणि वेल्डच्या रेघा, अँगल चकचकीत आहेत. सर्टिफिकेटप्रमाणे प्लेटमध्ये सिलिकॉन ०.०८ आणि फॉस्फरस ०.०१८ टक्के, अँगलमध्ये सिलिकॉन ०.०२ आणि फॉस्फरस ०.०१२ टक्के. पापुद्र्याखाली राखाडी थर आहे, मापी तिथे ४० ते ६० दाखवते. पण ०.०८ म्हणजे नगण्यच ना?

जुना_फोरमन
नगण्य नाही, नेमके नको तेवढे आहे. पोलादातील प्राणवायू काढण्यासाठी वितळलेल्या अवस्थेत सिलिकॉन घालतात आणि त्याचा अंश आत राहतो. तो साधारण ०.०४ ते ०.१४ टक्क्यांच्या पट्ट्यात असला की जस्त आणि लोखंड यांची प्रक्रिया आवरत नाही. हा परिणाम रॉबर्ट सँडलिन यांनी १९४० च्या दशकात दाखवला आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

नेहमीच्या पोलादावर लोखंड-जस्ताच्या मिश्रधातूंचे दाट थर तयार होतात. ते स्वतःच पुढच्या प्रक्रियेला अटकाव करतात, म्हणून जाडी वाढण्याचा वेग हळूहळू मंदावतो. तुमच्या प्लेटसारख्या पोलादावर मात्र मिश्रधातूचे स्फटिक विरळ, सुटे वाढतात, त्यांच्या फटींतून वितळलेले जस्त लोखंडापर्यंत पोचत राहते, आणि माल जितका वेळ टाकीत राहील तितका थर वाढतच जातो. बाहेर काढल्यावरही जाड प्लेट गरम असते, त्यामुळे वरचे शुद्ध जस्तसुद्धा मिश्रधातूत मुरते आणि चकाकी जाते. वेल्डच्या रेघा काळपट येण्याचे कारणही तेच आहे, कारण वेल्डिंग तारेत सिलिकॉन बहुधा जास्त असते.

झिंकगन
म्हणूनच मी फवारणीचा आग्रह धरतो. फवारणीला पोलादातील सिलिकॉनचे सोयरसुतक नसते, आणि माल ४५० अंशांत घालावा लागत नसल्याने तो वाकतही नाही.

दर्जातपासनीस
मोठ्या पुलांसाठी आणि टाकीत न मावणाऱ्या मालासाठी फवारणी उत्तम आहे, हे मान्य. परंतु नळीच्या आतल्या बाजूला, अँगलच्या मागे आणि बंद कोपऱ्यांत गन पोचत नाही, शिवाय थर सच्छिद्र असल्याने त्यावर सीलर, म्हणजे छिद्रे बुजवणारा लेप, द्यावा लागतो. आधीच जस्त चढलेल्या फ्रेमचा थर उतरवून फवारणी करणे म्हणजे दुप्पट काम आहे.

नवा_अभियंता
मध्येच विचारतो, १०.९ दर्जाचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट पिकलिंग करून बुडवले तर चालतात का? हायड्रोजनमुळे ठिसूळ होतात असे ऐकले आहे.

जुना_फोरमन
फार कडक पोलादाला तो धोका असतो, म्हणून तिथे आम्लाचा वेळ कमीत कमी ठेवतात किंवा ब्लास्टिंगने साफ करतात. सविस्तर चर्चेसाठी वेगळा धागा काढावा, इथे वेल्डर७ यांचा माल अडून राहिला आहे.

वेल्डर७
मग दोष कोणाचा, आणि आता नेमके काय करू?

दर्जातपासनीस
ग्राहकाला आयएसओ १४६१ हे हॉट डिपचे आंतरराष्ट्रीय मानक दाखवा. त्याप्रमाणे ६ मिमीहून जाड पोलादावर सरासरी किमान ८५ मायक्रॉन आणि ३ ते ६ मिमीच्या पोलादावर ७० मायक्रॉन थर लागतो. गडद राखाडी रंग हे माल नाकारण्याचे कारण नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. पापुद्र्यांवर मात्र वाद घालू नका, तिथे ग्राहक बरोबर आहे.

जुना_फोरमन
सगळा थर उतरवू नका. त्याच प्लेट पुन्हा बुडवल्या तर सिलिकॉन तेवढेच असणार, आणि आम्लाने पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे थर आणखी जाड येण्याची भीती आहे. सुटे पापुद्रे घट्ट थर लागेपर्यंत खरवडून काढा आणि उरलेली जाडी मोजा. जिथे ती पुरत नाही तिथे जस्तयुक्त रंगाचा किमान १०० मायक्रॉनचा लेप द्या. अशी प्रत्येक जागा १० चौरस सेंमीच्या आत आणि सगळ्या मिळून त्या भागाच्या पृष्ठभागाच्या ०.५ टक्क्याच्या आत बसली पाहिजे. त्याहून मोठी जागा असलेली फ्रेमच तेवढी परत पाठवा, आणि माल बुडवल्यावर जस्त उकळल्यासारखे बुडबुडते ते थांबताच माल बाहेर काढून लगेच पाण्यात विझवायला सांगा.

पुढच्या खेपेस प्लेट मागवतानाच सिलिकॉन ०.०४ टक्क्यापर्यंत किंवा ०.१४ ते ०.२५ च्या दरम्यान हवे असे ऑर्डरमध्ये लिहा. ते मिळत नसेल, तर टाकीत सुमारे ०.०५ टक्के निकेल ठेवणारा थर चढवणारा शोधा; तुमच्या ०.०८ च्या प्लेटवर त्याचा चांगला उपयोग होतो.

टाकीकाठ
निकेलने टाकीच्या तळाशी बसणारा आणि वर तरंगणारा ड्रॉस, म्हणजे जस्तातील गाळ, वाढतो, हेही त्यांना सांगा.

वेल्डर७
ठीक आहे. एका फ्रेमवर वेल्डलगतची मोकळी जागा १० चौरस सेंमीहून नक्कीच मोठी आहे, ती परत पाठवतो. बाकीच्यांचे खरवडणे आजच सुरू करतो.