बुगाटी अटलांटिकवरून जुनी रोडस्टर सायकल सजवतोय, फ्रेम कापू की नको?

सायकलवेडा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे वडिलांची जुनी रोडस्टर पडून आहे, २८ इंची चाकं, रॉड ब्रेक, कॉटर पिनवाले क्रँक, सगळं लोखंडी. गंज आहे पण वरवरचा, नळ्या टोकून बघितल्या तर आवाज खणखणीत येतो. ती नुसती रंगवून ठेवायची नाहीये, चालवायची आहे आणि तिला बुगाटीच्या टाइप ५७ एससी अटलांटिकचं रूप द्यायचंय. ही गाडी लहानपणी एका फोटोत बघितली तेव्हापासून डोक्यातून गेलेली नाही. १९३६ ते १९३८ मध्ये मोजून ४ बनल्या, त्यातली एक महायुद्धाच्या धामधुमीत गायब झाली ती आजतागायत सापडली नाही. तिच्या पाठीवरून जो रिव्हेट मारलेला कणा जातो, नाकापासून शेपटीपर्यंत, आणि तसाच मडगार्डांवरूनही, तो मला सायकलवर आणायचाय.

माझा प्लॅन असा की वरची आडवी नळी कापून तिथे कमानीसारखी वाकवलेली नळी लावायची, मधे पत्र्याची टाकी, पुढे घोड्याच्या नालेच्या आकाराची जाळी, दोन्ही मडगार्डांवर कणा, आणि दोन्ही चाकांना बंद तबकड्या. वेल्डिंगवाला ओळखीचा आहे. कुठे चुकतोय ते स्पष्ट सांगा, नंतर दुरुस्त करत बसण्यापेक्षा आत्ता ऐकलेलं बरं.

लोखंडी_चिमटा

फ्रेम कापू नका, हे पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. सायकलची ताकद त्रिकोणात असते, सरळ नळीवर जोर नळीच्या लांबीतून जातो, तीच नळी कमानदार केली की जोर पडल्यावर ती आणखी वाकायला बघते, आणि तुमची फ्रेम लग (नळ्या जोडणारी खोबणी) लावून ब्रेझिंग केलेली आहे म्हणजे पितळेचा सांधा आहे, तिथे आर्क वेल्डिंग मारलं तर पितळ आणि लोखंड मिसळून सांधा ठिसूळ होतो. मी असं एकदा केलंय, हेडजवळ (हँडल बसतं ती पुढची नळी) केसासारखी चीर पडली होती, नशीब की रंगावर दिसली.

कमान हवीच असेल तर वरची नळी तशीच ठेवून तिच्या खाली दुसरी बारीक वाकवलेली नळी द्या. जुन्या अमेरिकन क्रूझर सायकलींमध्ये असंच असायचं. डोळा ती कमानच बघतो, सरळ नळी टाकीत लपते.

टाकीचं पहिलं मॉडेल पुठ्ठ्याचं करा, दोरीने बांधा आणि चांगलं अर्धा तास चालवून बघा. गुडघे आतून घासतात की नाही ते उभं राहून कळत नाही, पायडल मारतानाच कळतं. आणि तबकडी फक्त मागच्या चाकाला. पुढच्या चाकाला बंद तबकडी लावली की बाजूचा वारा थेट हँडल ओढतो, मोठी गाडी शेजारून गेली तरी झटका बसतो.

पत्राकाम

कण्याबद्दल बोलतो कारण खरी मजा तिथेच आहे. अटलांटिकवरचा तो कणा सजावट म्हणून आलेला नाही. तिच्या आधीची १९३५ ची एअरोलाइट नावाची गाडी होती तिचं अंग इलेक्ट्रॉन नावाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं, ते वेल्ड करायला गेलं तर पेट घेण्याची भीती, म्हणून दोन अर्ध्या भागांच्या कडा उभ्या वळवून त्यांतून आडवे रिव्हेट मारले. नंतर अटलांटिकला अॅल्युमिनियम वापरलं, वेल्डिंग जमलं असतं, तरी जाँ बुगाटीने तो कणा ठेवला.

हे यासाठी सांगतोय की रिव्हेट वरून खाली मारलेले नाहीत, उभ्या कडेतून आडवे आहेत. तुम्हीही तसंच करा म्हणजे मडगार्डच्या आत टायरला घासेल असं काही येणारच नाही. पण मडगार्ड मधोमध कापून कडा वळवायच्या मागे लागू नका, गोलाईवर कड बाहेर वळवली की पत्रा ताणला जातो आणि फाटतो, त्याला हात बसलेला लागतो. सोपा मार्ग म्हणजे सपाट पत्र्यातून मडगार्डच्या वक्राची पट्टी कापा, बांगडीचा तुकडा असतो तशी, म्हणजे वाकवायचं कामच उरत नाही. ती मडगार्डवर उभी ठेवून झाळायची आणि आधीच समान अंतरावर भोकं पाडून भरीव रिव्हेट ठोकायचे. पॉप रिव्हेट नको, मागच्या बाजूला ओबडधोबड दिसतात. चिमट्याच्या (पुढच्या फोर्कच्या) क्राउनखाली, म्हणजे त्याचे दोन पाय जुळतात तिथे, आणि मागच्या ब्रिजखाली, म्हणजे मागच्या नळ्यांमधल्या आडव्या तुकड्याखाली, मात्र पट्टी तोडावी लागेल, तिथे जागा नसते.

रंगारी

वरचं सगळं पटलं, फक्त "झाळायची" म्हणजे कशाने ते ठरवा. साधं शिसं-कथील असेल आणि नंतर पावडर कोटिंगला दिलं तर भट्टी १८० ते २०० अंशांची असते आणि ते झाळण १८३ लाच वितळायला लागतं, कणा भट्टीतच गळून पडेल. पुट्टीचंही तेच, पावडर कोटिंगच्या भट्टीत फुगते. म्हणून सिल्व्हर ब्रेझिंग करा, किंवा पावडर कोटिंग सोडून एनॅमल हाताने मारा. मी एनॅमल सांगेन. या गाडीला खोल काळा किंवा निळा करडा शोभतो, पातळ थर, मधे ओला कागद घासून, चार पाच वेळा, आणि बीबीचे (पायडलचा आस बसतो त्या नळीचे) आटे, हेडच्या कपांच्या जागा आधी झाकून.

नालेच्या जाळीबद्दल, ती हेडट्यूबवर छोटी ठेवा. मोठी केली की सायकल गाडीसारखी दिसत नाही, गाडीचा तुकडा चिकटवल्यासारखी दिसते. कणा आणि रंग एवढ्यावरच लोक ओळखतील.

सायकलवेडा

मनापासून धन्यवाद. फ्रेम कापत नाही, ठरलं, खालून कमान देतो. कण्याची पट्टी आज पुठ्ठ्यावर काढली, मागच्या मडगार्डवर ठेवून लांबून बघितली आणि अंगावर काटा आला खरं सांगतो. एक राहिलं, रॉड ब्रेक काढून कॅलिपर लावू का? मागे ३ गिअरचा हबही टाकायचाय.

लोखंडी_चिमटा

नुसते कॅलिपर चालणार नाहीत. रॉड ब्रेकच्या रिमची बाजू गोलसर असते, ब्रेक शू रिमच्या आतल्या तोंडावर लागतो, कॅलिपरला बाजूने सपाट जागा लागते. रिम बदलायची तर तुमची २८ इंची म्हणजे टायर बसतो तिथे ६३५ मिलीमीटर व्यासाची, ७०० सी मापाची म्हणजे ६२२, त्रिज्येत साडेसहा मिलीमीटरचा फरक पडतो, त्यात लांब हाताचे कॅलिपर बसू शकतात पण मडगार्डची फट वाढेल आणि तुमचा कणा चाकापासून सुटल्यासारखा दिसेल. मी तुमच्या जागी असतो तर पुढे ड्रम ब्रेकचा हब आणि मागे ३ गिअरचा कोस्टर ब्रेक (उलटं पायडल मारलं की लागणारा) हब घेतला असता, रिम तीच राहते, पावसातही ब्रेक लागतो (क्रोमची रिम ओली झाली की शू नुसता सरकतो) आणि हँडलवरच्या रॉड निघाल्याने पुढचं तोंड स्वच्छ दिसतं. दोन्हीचा टॉर्क आर्म (हबला धरून ठेवणारी पट्टी) पुढे चिमट्याला आणि मागे चेनस्टेला (चेनजवळच्या आडव्या नळीला) घट्ट बांधायचा, तो सुटला तर हब फिरतो. ३ गिअरमध्ये मधला थेट, पहिला ७५ टक्के, तिसरा १३३ टक्के असतो, त्यामुळे मधला गिअर सपाट रस्त्यासाठी धरून मागचं दात्याचं चाक निवडा. एवढं पत्र्याचं वजन वाढवताय तर एक दोन दाते जास्तच घ्या.

पत्राकाम

आणि पुढच्या मडगार्डचे स्टे (आधाराच्या सळ्या). कण्याने ते जड होणार, एखादी काडी टायर आणि मडगार्डमध्ये अडकली की ते चाकात ओढलं जातं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. दाब आला की निसटणाऱ्या क्लिपा मिळतात त्या पुढे लावाच. कण्याच्या पुढच्या टोकाला धार ठेवू नका, कानस मारून बोटाने तपासा. पुठ्ठ्याचा फोटो टाका ना, रिव्हेटचं अंतर किती ठेवलंय ते बघून सांगतो.