विषय: देवगडला आई-बाबांसाठी ऑनलाइन चष्मा

मंडळी, नमस्कार.

आई-बाबा देवगडजवळच्या वाडीत असतात, दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. बाबांच्या जुन्या चष्म्याची काडी तुटलीय, दोरा गुंडाळून वापरतायत. भावाने गेल्या दिवाळीत ऑनलाइन प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत वर लांबचा, खाली वाचायचा नंबर) मागवून दिला होता, तो कपाटात पडून आहे. बाबांचं एकच पालुपद, "पायरी खय आसा ताच कळणा नाय." कंपनीने काचा एकदा बदलून दिल्या, फरक शून्य. मी इथे स्वतःचे चष्मे वर्षानुवर्षं ऑनलाइनच घेते आणि कधी तक्रार नाही. मग त्यांनाच काय होतंय? आईला फक्त वाचायचा हवाय. कुणाला अनुभव?

— देवगडची लेक

~~~

पुन: देवगडला आई-बाबांसाठी ऑनलाइन चष्मा

ताई,

रत्नागिरीत माझं चष्म्याचं दुकान होतं. आता मुलीकडे राहतो, म्हणून या लिस्टवर.

तुमच्या काचा एकाच नंबरच्या असणार. त्याला नंबर आणि पीडी, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर, एवढं पुरतं. प्रोग्रेसिव्हला आणखी एक माप लागतं: बुबुळापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. ती त्याच माणसाच्या नाकावर तीच फ्रेम बसवून, समोर बसून घ्यायची असते. फोटोवरून काढलेली दोन-तीन मिलिमीटर जरी जास्त निघाली, तरी समोर बघताना वाचायच्या बाजूचा भाग डोळ्यापुढे येतो.

आणि माप अचूक असलं तरी बाबांची तक्रार खोटी नाही. काचेचा खालचा भाग हातातल्या पेपरसाठी केलेला, पाऊल पडतं त्याच्या तिप्पट लांब. आपल्याकडे जांभ्याच्या पायऱ्या, कुठे दोन सारख्या नाहीत, पावसात वर शेवाळ. 2010 साली ऑस्ट्रेलियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. नेहमी बाहेर फिरणाऱ्या ज्येष्ठांना निव्वळ लांबचा चष्मा वेगळा दिला, तर त्यांचं पडणं कमी झालं. घरात बसून असणाऱ्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही, उलट बाहेर पडल्यावर ते जास्त पडले. बाबा कलमांत फिरत असतील तर त्यांना फिरायला लांबचा आणि वाचायला जवळचा, असे दोन द्या. दोन्ही एकाच नंबरच्या काचांचे, म्हणजे ऑनलाइन चालतील.

पीडी कागदावर बहुतेक वेळा नसते. नंबर काढतानाच मागून लिहून घ्यायला सांगा. व्हिडिओ कॉलवर पट्टी धरून मोजायचा उद्योग करू नका. वाचायच्या चष्म्याला पीडी दोन-तीन मिलिमीटर कमी धरतात, आईचा मागवताना हे विसरू नका. जुन्या फ्रेमच्या काडीवर आतून 52-18-140 असे आकडे असतील: काचेची रुंदी, नाकावरचा पूल, काडीची लांबी. त्याच्या जवळपासची फ्रेम निवडली की नाकावरून घसरत नाही.

ब्लू कटचे, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांचे, पैसे वाचवा. 2023 च्या कोक्रेन आढाव्यात त्याने डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही, आणि बाबा काही दिवसभर स्क्रीनपुढे बसत नाहीत. त्यापेक्षा फ्रेम बघा. खाऱ्या हवेत स्वस्त धातूच्या फ्रेमला नाकाच्या गाद्यांपाशी हिरवट थर चढतो आणि स्क्रू गंजून बसतात. प्लास्टिकची घ्या, परवडली तर टायटॅनियमची.

पण आधी डोळे तपासून घ्या. या वयात नंबर भराभर बदलत असेल तर मोतीबिंदू किंवा साखर असू शकते, आणि काचबिंदूचा दाब मोबाइलवरच्या नंबर तपासणीत कळत नाही.

— रत्नागिरीचे काका

~~~

पुन: पुन: देवगडला आई-बाबांसाठी ऑनलाइन चष्मा

काका, मनापासून आभार. बाबा गेल्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मोतीबिंदू अजून काढण्याजोगा नाही, दाब आणि साखर ठीक. पण नंबर बदललेला दिसतोय. जुन्या कागदावर उजव्या डोळ्याला +1.00, तिरका (सिलिंडर) −0.50, ॲक्सिस (तिरक्या नंबरचा कोन) 90. नव्यावर +0.50, तिरका +0.50, ॲक्सिस 180. डावाही असाच उलटापालटा. आता कुठला भरू?

~~~

पुन: पुन: पुन: देवगडला आई-बाबांसाठी ऑनलाइन चष्मा

ताई, कुठलाही भरा, नंबर तोच आहे. तिरका नंबर कुणी वजात लिहितं, कुणी अधिकात. पहिल्या आकड्यात तिरका मिळवायचा, तिरक्याचं चिन्ह उलटं करायचं आणि ॲक्सिस 90 ने फिरवायचा. +1.00 मध्ये −0.50 मिळवले की +0.50. करून बघा. डावा डोळाही याच रीतीने पडताळा. फक्त एका कागदावरचा आकडा आणि दुसऱ्यावरचं चिन्ह अशी सरमिसळ होऊ देऊ नका, ऑनलाइन फॉर्म भरताना घोळ होतो तो इथेच.

डावाही जुळला तर जुन्या चष्म्याच्या काचा फेकू नका. देवगडात चष्म्याच्या दुकानात फ्रेम दाखवा, त्या मापाची काडी मिळाली तर उभ्या उभ्या बसवून देतील. नवे चष्मे पार्सलने येईपर्यंत बाबांचा दोरा तरी सुटेल.