कोटागेडेचे फोटो आबांना नीट कसे दाखवू?

हुपरीचा_तारकामवाला: मंडळी, ऑक्टोबर ते एप्रिल इंडोनेशियात होतो, जावा बेटावर, योग्यकर्ताच्या कडेला कोटागेडे म्हणून चांदीचं गाव आहे तिथं. आमचं घर हुपरीचं, पैंजणाचं काम. मी तिथं तारकाम, म्हणजे चांदीच्या बारीक तारेची नक्षी, शिकायला गेलेलो. आपल्याकडं थंडी पडते तेव्हा तिथं धो धो पाऊस. कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवायचो, नाहीतर लेन्सला बुरशी धरते.

फोटो चार हजारांवर आहेत. ग्रुपवर तिथल्या बोरोबुदुर या जुन्या बौद्ध मंदिराचे स्तूप टाकले, सगळ्यांनी अंगठे दिले. आबांनी मात्र एकच फोटो धरून ठेवला. कारागीर केसाएवढी तार चिमट्यानं वळवून पानाच्या चौकटीत बसवतोय. दोन बोटांनी मोठा करत म्हणाले, "आरं, दोन तारा पिळून चेपल्यात का एकच हाय? दिसंना की."

व्हॉट्सअॅपवर तिथं नुसता पांढरा धुरळा दिसतोय. मूळ फोटोत पीळ मोजता येतो! आबांना आणि आमच्या आळीतल्या कारागिरांना तो दिसला पाहिजे. काय करू?

रंकाळ्याकाठी: फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. आहे तसा जातो. पण काढलेल्या ठिकाणाची माहितीही सोबत जाते. कुणाच्या घरातला फोटो असेल तर ती आधी काढून टाक.

शिरोळची_ताई: दादा, चार हजार फोटो कोण बघणार? चाळीस निवड. आणि आबांच्या हातात मोबाईल कशाला देतोस? बारा बाय अठराच्या प्रिंट काढ. माझ्या सासऱ्यांना मोबाईलवर बघायचा कंटाळा, पण कागदावरचा फोटो भिंग लावून तासभर बघत बसतात. मागं पेन्सिलीनं लिही: तार किती बारीक, सांध्याला डाख कसा लावला.

गुजरीतला_जुना_माणूस: त्या कारागिराला विचारलंस का? नक्षी त्याची आहे. उद्या इथं कुणी तशीच पाडली तर ते बरं नव्हे.

हुपरीचा_तारकामवाला: काका, बरं झालं बोललात. फोटो काढताना विचारलं होतं, पण दुसऱ्या कारागिरांना दाखवू का, हे विचारायचं राहिलं होतं. काल फोन केला. म्हणाले, हात दाखव, तार दाखव, पण पुरा झालेला हार दाखवू नको. म्हणून ते नऊ फोटो बाजूला काढले.

ताई, अकरा प्रिंट काढून आणल्या. बोरोबुदुरच्या भिंतीवरच्या कोरीव बायकांच्या दागिन्यांचेही दोन घेतले, नवव्या शतकातलं काम आहे ते. आबांनी तारेचा फोटो खिडकीपाशी नेला. दोन तारा पिळून चेपल्यात, हे त्यांनी स्वतःच ओळखलं. मग कपाटातून तार ओढायची भोकांची जुनी लोखंडी पट्टी काढली. सकाळपासून तिला तेल लावत बसलेत.