मैत्रीत फक्त देतच राहायचं का?

सांजवात:
कालची ती पोस्ट वाचली? "ख्रिस्ती मित्र फक्त देतो, घेत नाही, आणि देऊन जो थकतो त्याची प्रीतीच कच्ची." खाली योहान 15:13, मित्रांसाठी जीव देण्याहून मोठी प्रीती नाही, ते वचन. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. सहा वर्षं एका मैत्रिणीसाठी रात्री-अपरात्री फोन उचलले, तिच्या मुलाची फी भरली, तिची आई आयसीयूत असताना बाहेर त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन रात्री काढल्या. आणि माझं ऑपरेशन होतं तेव्हा? "प्रार्थनेत आहेस" एवढाच मेसेज, हात जोडलेल्या इमोजीसकट. वर मलाच ऐकवायचं की प्रीती कच्ची. दोन वचनं पुढे वाचा ना, प्रभू येशू म्हणतो मी तुम्हांला दास नाही, मित्र म्हटलंय, कारण पित्याकडून ऐकलं ते सगळं तुम्हांला सांगितलं. मन मोकळं करणं हीसुद्धा मैत्रीच. आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने तिघा शिष्यांना सरळ सांगितलं, माझ्याबरोबर जागे राहा. तोंडाने मागितलं त्याने.

जुना_सभासद:
ताई, मागितलं खरं, पण ते तिघे झोपले आणि तरी तो क्रुसावर गेलाच. हे सोयीने गाळलंत. बायबलमधला दाविदाचा मित्र योनाथान घ्या. राजपुत्र असून झगा, तलवार, धनुष्य, कमरबंद, सगळं दाविदाला काढून दिलं, त्याची बाजू घेतली म्हणून सख्ख्या बापाने भाला फेकला. मिळालं काय? गिलबोवाच्या डोंगरावर मरण. ठेवला का त्याने हिशोब?

पायवाट:
पण योनाथानाने मागितलं होतं की! 1 शमुवेल 20 उघडा. माझ्या घराण्यावरची दया कधी तोडू नकोस म्हणून शपथ घ्यायला लावली.

जुना_सभासद:
ते घराण्यासाठी. स्वतःसाठी नाही.

पायवाट:
14वं वचन वाचा मग. मी जिवंत असेपर्यंत माझ्यावरही दया कर म्हणतो तो. आणि दाविदाचं एवढं कौतुक नको. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून दोन्ही पायांनी लंगडा झाला, दाविदाने राजा झाल्यावर चौकशी केली तोवर मफीबोशेथला स्वतःला मुलगा झाला होता. इतकी वर्षं शपथ कुठे होती? नंतर मेजावर बसवलं, मान्य, पण पुढे त्याच्या चाकराने, सीबाने, चहाडी केली तर विचारपूस न करता त्याची सगळी मालमत्ता सीबाला देऊन मोकळा.

जुना_सभासद:
राज्य सांभाळत होता तो, लढाया चालू होत्या! घरात बसून राजाचा न्याय करणं सोपं असतं.

ओंजळ:
चहाडीवरून आठवलं, आणि याबद्दल कोणीच बोलत नाही. माझं लग्न मोडायला आलं होतं ते मी फक्त एका मैत्रिणीला सांगितलं. रविवारी उपासना संपली आणि पाच जणी येऊन हात धरून म्हणाल्या, तुझ्या घरासाठी प्रार्थना करतोय. तिने "प्रार्थनेचा विषय" म्हणून ग्रुपवर टाकलं होतं. मित्रासाठी जीव देणं राहू द्या, आधी तोंड बंद ठेवायला शिका.

जुना_सभासद:
तिने प्रार्थनाच मागितली ना? तुमच्या मनात कडूपणा आहे ताई.

ओंजळ:
कडूपणा? माझ्या नवऱ्याला ते बाहेरून कळलं. तो आठवडा तुम्ही काढला असतात तर हा शब्द वापरला नसतात. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर बसून एक शब्द बोलले नाहीत, तेवढे दिवस ते चांगले मित्र होते. तोंड उघडलं आणि बिघडलं.

जुना_सभासद:
शब्द मागे घेतो. वचनाबद्दल माझं मत तेच आहे, पण एक सांगतो. बायकोची केमो चालू होती तेव्हा मी कोणालाच कळवलं नाही, आपण लोकांना आधार द्यायचा, आपलं ओझं त्यांच्यावर टाकायचं नाही असं वाटायचं. तीस वर्षांच्या मित्राला चार महिन्यांनी कळलं. दारातच उभा राहिला, आत यायला तयार नाही. म्हणाला, "मी तुझा मित्र आहे की तू ज्यांची सेवा करतोस त्यातला एक?" मला उत्तर देता आलं नाही.

सांजवात:
मग माझं म्हणणं वेगळं काय होतं?

जुना_सभासद:
थोडं वेगळं होतं. तुम्ही मोजत होता.

सांजवात:
हो, मोजत होते, दुखत होतं म्हणून. तिला मेसेज टाइप करून ठेवलाय, "तू आली नाहीस ते मला फार लागलं." तीन दिवस तसाच पडून आहे.

जुना_सभासद:
तिची बाजू ऐकून घ्याल?

सांजवात:
घेईन. पण आधी मी बोलणार.