मदत हवी आहे: लिव्हर-नॉकआऊट उंदरांत गाठींचे आकडे इतके वरखाली का?

पीएचडीचं शेवटचं वर्ष आहे आणि लॅबमध्ये यकृताचं काम करणारी मी एकटीच, म्हणून इथे विचारतेय.

मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातलं एक प्रथिन आम्ही फक्त यकृतपेशींतून काढलंय (फ्लॉक्स, म्हणजे कापायच्या खुणा लावलेला जीन, आणि तो फक्त यकृतपेशींत कापणारं अल्ब्युमिन-क्रे एन्झाइम). जीनचं नाव सांगता येणार नाही, पेपर व्हायचाय. नर पिल्लं दोन आठवड्यांची झाली की २५ मिग्रॅ/किलो डेन (यकृतात गाठी घडवणारं रसायन) टोचतो आणि नवव्या महिन्यात यकृत काढून गाठी मोजतो.

सीहॉर्सवर (पेशी किती ऑक्सिजन वापरतात ते मोजणारं यंत्र) श्वसन उतरलेलं, रक्तात एफजीएफ-२१ (मायटोकॉन्ड्रियावर ताण आला की वाढणारं हार्मोन) चढलेलं, उंदीर सडपातळ. इथवर ठीक. पण एकाच पिंजऱ्यातल्या दोन नॉकआऊट भावांपैकी एकाचं यकृत गाठींनी भरलेलं आणि दुसऱ्याचं जवळजवळ स्वच्छ! बरं, कंट्रोलमध्येही तेच, त्यामुळे सगळं नॉकआऊटवर ढकलता येत नाही.

पेपर वाचून डोकं अजून फिरतं. २००७ मध्ये यकृतातून एआयएफ (श्वसनाला लागणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनाचा जीन) काढला, तर श्वसन बिघडूनही उंदीर लठ्ठपणा आणि मधुमेहापासून वाचले. २०१९ मध्ये मायटोफ्युजिन-२ (मायटोकॉन्ड्रिया एकमेकांत जोडणाऱ्या प्रथिनाचा जीन) काढला, तर सूज, फायब्रोसिस आणि पुढे कॅन्सर. श्वसन बिघडलं म्हणून कॅन्सर, हे वॉरबर्गचं गणित मला तरी इथे लागू पडताना दिसत नाही.

माझा संशय वेगळाच आहे. फ्लॉक्स उंदीर सिक्स-एन पेशींतून बनलेले, क्रेवाले सिक्स-जे. दोन्ही ब्लॅक सिक्स या लॅबमधल्या उंदरांच्या वाणाचेच, पण १९५१ मध्ये वेगळी झालेली घराणी, आणि सिक्स-जेमध्ये एनएनटी जीन मोडका आहे. हे एन्झाइम मायटोकॉन्ड्रियात एनएडीपीएच बनवतं, त्यावर तिथलं ग्लुटाथायॉन (पेशीला घातक ऑक्सिजन-रेणूंपासून वाचवणारं) चालतं. म्हणजे मी मायटोकॉन्ड्रियाचा एक जीन अभ्यासतेय आणि दुसरा पिल्लागणिक आपोआप बदलतोय.

जुन्या शेपट्यांच्या डीएनएवरून एनएनटी तपासून आकडे वेगळे मांडले तर रिव्ह्यूअर मानतील का? की बॅकक्रॉस करून (पिढ्यानपिढ्या एकाच घराण्याशी संकर करून) पहिल्यापासून सुरुवात? तेवढी फेलोशिप उरलेली नाही.

प्रतिसाद १:
आधी तुमचा जीन कुठल्या क्रोमोसोमवर आहे ते बघा. एनएनटी १३ वर आहे. तुमचाही त्याच्या जवळ असेल तर फ्लॉक्ससोबत सिक्स-एनचा चांगला एनएनटी ओढला जातो, मग दोन्हीकडून फ्लॉक्स आलेली पिल्लं त्या बाबतीत बहुतेक सारखीच निघतील आणि संशय फोल ठरेल. लांब असेल तर शेपट्या तपासाच, साधा पीसीआर आहे. मी रिव्ह्यूअर असतो तर मानलं असतं, पण कंट्रोल क्रे नसलेले फ्लॉक्स भाऊच हवेत. विकत आणलेले सिक्स-जे अजिबात चालणार नाहीत.

प्रतिसाद २:
मला वेळेचं जास्त खटकतंय. अल्ब्युमिन-क्रेचं काम जन्मानंतर हळूहळू वाढत साधारण ६ आठवड्यांनी पूर्ण होतं. तुम्ही डेन देता तेव्हा बऱ्याच पेशींत जीन शाबूत असणार. अशा निसटलेल्या पेशीतून गाठ उगवली तर ती नॉकआऊटची म्हणायची कशी? कंट्रोलचं कोडं याने सुटत नाही, ते एनएनटीकडेच बघा. पण पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले यकृताचे तुकडे) असतील तर गाठींवर त्या प्रथिनाची अँटीबॉडी लावा, म्हणजे प्रथिन शिल्लक आहे का ते दिसेल. सोबत सिप-टू-ई-वन या एन्झाइमचं वेस्टर्नही (प्रथिन किती आहे ते बघायची चाचणी) करा. डेनचं विषात रूपांतर तेच करतं, नॉकआऊटमध्ये ते कमी-जास्त झालं असेल तर गाठींचा आकडा आधीच बदलला.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. जीन १३ वर नाही, त्यामुळे शेपट्या बाहेर काढतेय. ब्लॉक आहेत, पण ही अँटीबॉडी आम्ही फक्त वेस्टर्नला वापरलीय. रिट्रीव्हल (अँटीबॉडी चिकटावी म्हणून कापावर आधी करायची प्रक्रिया) सायट्रेटने सुरू करू की ट्रिस-ईडीटीएने? आणि यकृतात मुळातच बायोटिन भरपूर, तेव्हा बायोटिनवरच चालणारं एबीसी किट सोडून पॉलिमरवालं घ्यावं का? ऑर्डर सोमवारी टाकायची आहे.