विम या टेक्स्ट एडिटरमध्ये कोड पेस्ट केला की ओळींचा जिना होतोय

रात्रपाळी:
एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनलमधून लॉगिन) सर्व्हरवर जाऊन बॅकअपची पायथन स्क्रिप्ट बदलतोय. लॅपटॉपवरून एक फंक्शन कॉपी केलं आणि विममध्ये इन्सर्ट मोडला (टायपिंगच्या मोडला) जाऊन पेस्ट केलं. आतल्या ओळी चार स्पेसवर हव्यात, उमटतात 4, 8, 12, 16 वर. चाळीस ओळींचं फंक्शन, शेवट पार स्क्रीनबाहेर. काल सगळं हाताने मागे ओढलं, आज परत तेच. सेंटओएस 7 (लिनक्स), विम 7.4. अपग्रेडला परवानगी नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

हातोडी:
आधी :सेट पेस्ट, मग इन्सर्टमध्ये जाऊन पेस्ट कर, झालं की :सेट नोपेस्ट. टर्मिनलमधून आलेला मजकूर 7.4 ला तू भराभर टाइप केल्यासारखाच वाटतो. ऑटोइंडेंट आधीच्या ओळीएवढी जागा सोडतं, त्यावर ओळीच्या स्वतःच्या चार स्पेस चढतात.
नोपेस्ट विसरू नकोस हं. पेस्ट चालू असताना इन्सर्टमधली मॅपिंग (स्वतः ठरवलेले कीचे शॉर्टकट) बंद असतात. माझं जेजे हे मॅपिंग चालेना म्हणून मी अर्धा तास कीबोर्डला शिव्या घातल्यात.

रात्रपाळी:
जिना गेला! पण आता पायथन 3 टॅबएरर (टॅब आणि स्पेसची सरमिसळ झाल्याची एरर) देतंय. जुनी स्क्रिप्ट पायथन 2 वर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली. मला तर सगळ्या ओळी सरळ दिसतात.

आठाचा_पाढा:
:सेट लिस्ट करा, टॅब लपून बसलेत ते दिसतील. मग :सेट एक्सपँडटॅब आणि :रिटॅब, म्हणजे टॅबच्या जागी स्पेस येतील. पण थांबा, आधी टॅबस्टॉप (विम एक टॅब किती स्पेसचा धरतो) किती आहे ते बघा. पायथन 2 टॅब म्हणजे पुढच्या आठाच्या पटीपर्यंतची जागा धरायचं. समजा इफ चार स्पेसवर आहे, त्याखाली एक ओळ आठ स्पेसची आणि दुसरी एका टॅबची. दोन्ही इफच्या आत. टॅबस्टॉप 4 ठेवून रिटॅब मारलंत तर दुसरी चारवर येऊन इफच्या बाहेर पडेल, आणि एररसुद्धा येणार नाही. म्हणून टॅबस्टॉप 8 करूनच रिटॅब मारा.

रात्रपाळी:
बापरे. माझ्या विमआरसीत (विमच्या सेटिंगच्या फाइलीत) टॅबस्टॉप 4 च होता. आणि टॅबवाल्या ओळींमधली एक नेमकी जुने बॅकअप पुसणारी, इफच्या आतली. आधी फाइलची कॉपी काढून ठेवतो.